यानातला बारावा माणूस

वाचून दाखवण्यात माझा हात धरणारं आमच्या नात्यागोत्यात कुणी नाही. ही फुशारकी आहे, पण खरी फुशारकी आहे. माझी शाळा आठवीत सुटली आणि तेव्हापासून हाती लागेल ते मोठ्याने वाचत सुटायची मला खोड लागली. सामानाच्या पुडीचा कागद, औषधाच्या खोक्यातली बारीक घडी, फाटकावरची ‘येथे वाहने लावू नयेत’ ही पाटी. मी ती पाटी अशी वाचायचे की सायकल टेकवून उभा असलेला माणूस आपसूक पुढे सरकायचा!

त्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि पेपरातल्या मथळ्यांपलीकडे त्यांना काही दिसेनासं झालं, तेव्हा वाचणार कोण हा प्रश्नच घरात निघाला नाही. रोज दुपारी तीन ते साडेचार. खिडकीशी बाबांची खुर्ची, समोर माझं स्टूल.

बाबांनी पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं पंप चालवला. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या. माणसांचीही तीच वाटणी. मी कुठल्या गटात मोडते ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारायचं धाडस केलं नाही.

पेपर संपले, जुने अंक संपले, मिक्सरचं माहितीपत्रकसुद्धा दोनदा वाचून झालं. मग एक दिवस मी लेकीच्या फळीवरून एक पुस्तक ओढलं. लेक शिकायला हॉस्टेलवर गेली होती, पुस्तकं मागे ठेवून. काळं कव्हर, त्यावर पेटलेलं यान, आणि आत सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेली अंतराळातली थरारकथा. म्हटलं, दोन पानांत बाबांना डुलकी लागेल आणि मला भाजी निवडता येईल.

गोष्ट अशी. एका यानात अकरा पोरं. मोठी माणसं पहिल्या वीस पानांतच मरतात. अशा पुस्तकांत मोठ्यांना लवकर उरकावंच लागतं, नाहीतर ती पोरांना वेळेवर झोपायला लावतील आणि थरार कसला होणार? वाचतो तो एकच म्हातारा मिस्त्री. खाली इंजिनच्या खोलीत पाना घेऊन बसलेला, सगळ्यांवर खेकसणारा, कुणाचं कौतुक न करणारा.

पाचव्या पानावर बाबा खुर्चीत ताठ बसले.

“हा माणूस कामाचा आहे,” ते म्हणाले.

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुपारी तीनला यान सुटायला लागलं. यानातली हवा कमी होतेय असं वाचलं की बाबा डोळे मिटून निदान करायचे, “वायसर गेलाय.” दोन प्रकरणांनी खरोखरच कुठल्याशा झडपेची चकती झिजलेली निघाली, तर त्या दिवशी समाधानाने संध्याकाळभर बोललेच नाहीत. यानाची कप्तान असलेली सतरा वर्षांची मुलगी रडायला लागली की ते मला सांगायचे, तिला म्हणावं आधी मेन व्हॉल्व्ह बंद कर, मग रड.

आता घोटाळा कुठे झाला ते सांगते.

पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ज्या दिवशी होतं, त्याच दिवशी सकाळी बाबा एका जुन्या सोबत्याला पोचवून आले होते. त्या सोबत्याने आणि बाबांनी सव्वीस वर्षं एकाच पंपावर आलटूनपालटून पाळ्या केल्या होत्या. एक घरी निघायचा तेव्हा दुसरा यायचा, किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात. तेवढंच रोजचं बोलणं, पण सव्वीस वर्षांचं. बाबांनी आंघोळ केली, जेवले नाहीत, तीन वाजता खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, “वाच.”

वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या एक ओळ पुढे धावतात. माझेही धावले. मिस्त्री सगळ्या पोरांना दारापलीकडे ढकलतो, दार आतून लावून घेतो, आणि त्याच्याकडे चार मिनिटांपुरती हवा उरते. पुढच्या ओळीत तो मरणार होता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खुर्चीचा हात असा धरला होता, जसं व्हॉल्व्हचं चाक धरावं.

माझ्या जिभेने परस्पर वळण घेतलं.

“तेवढ्यात मिस्त्रीने दाराच्या फटीत पाना अडकवला,” मी वाचलं, “आणि अंग चोरून तो पोरांकडे आला. समाप्त.”

बाबांनी केवढा तरी श्वास सोडला. म्हणाले, “पाना अडकवला. बरोबर केलं.” मग उठून जेवले.

एक ओळ हो! एका ओळीने कुणाचं काय बिघडणार होतं? पुस्तक तर संपलं होतं. हे लोक दुसरा भाग लिहितात हे मला कुठे ठाऊक होतं!

महिन्याभराने लेक सुट्टीत दोन दिवस आली ती दुसरा भाग घेऊनच. पहिल्याच्या दीडपट जाड. तिने तो आजोबांच्या हातात दिला, आजोबांनी तो नारळ जोखावा तसा जोखला आणि माझ्याकडे सरकवला. मी मोठ्या उत्साहाने पहिलं पान उघडलं. पहिलं वाक्य होतं, ‘मिस्त्रीच्या मृत्यूला चाळीस दिवस झाले होते.’

“चाळीस दिवस झाले होते,” एवढंच मी वाचलं आणि गॅसवर दूध आहे असं सांगून आत पळाले. दूध नव्हतंच.

लेक मागोमाग आली. मी तिला कुजबुजत सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

“आई, त्याचा खून झालाय! तो खून कुणी केला, हाच तर दुसरा भाग आहे!”

“सगळा?”

“तीनशे चाळीस पानं, आई!”

मी म्हटलं, मग आजोबांना खरं सांगून टाकू या, तूच सांग, तुझं ऐकतील. तर ती म्हणाली, तू जिवंत ठेवलास, तूच मार. दुसऱ्या दिवशी ती बस धरून हॉस्टेलला निघून गेली. माझ्याच पोटची पोर, पण इतकी भेकड निघेल असं वाटलं नव्हतं.

मीही सांगून टाकलं असतं. देवाशपथ, संध्याकाळी सांगणारच होते. पण संध्याकाळी आमचे हे कामावरून आले आणि बापलेकांचा नेहमीचा विषय निघाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हे वर्षभर बाबांच्या मागे होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दोन महिन्यांत करून टाका, आणखी कडक झाला तर अवघड जाईल. आणि बाबा, ज्यांनी भर पुरात पंपहाऊसवर तीन दिवस काढले होते, ते डोळ्याला सुरी लागणार म्हटलं की सर्दी झाल्याचं सांगायचे. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी पुस्तकावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “हे संपू दे. मग कापा काय कापायचं ते.”

हे हरखले. मला आत येऊन म्हणाले, “अगं, रोज चार-चार प्रकरणं उरक!”

आता माझी गोची बघा. पुस्तक संपवलं नाही तर बाबांचे डोळे जातात. पुस्तक संपवलं तर बाबांना डोळे येतात. आणि डोळे आले की ते सगळ्यात आधी काय वाचणार?

त्यातून आधी डोळे, मग माझी अब्रू, असं ठरवलं आणि कामाला लागले.

पहिली अडचण खुनाची. मेलेला माणूस जिवंत असल्यावर खून कुणाचा? मी खुनाचा ‘खुनाचा प्रयत्न’ करून टाकला. त्यावरून दुसरी अडचण उभी राहिली. मूळ पुस्तकात कप्तान पोरगी तीनशे पानं धडपडून शोधून काढते की ते दार आपोआप बिघडलं नव्हतं, कुणीतरी बिघडवलं होतं. पण आमच्याकडचा मिस्त्री तर दाराशी हजर होता! त्याने तोंड उघडलं की पुस्तक दहाव्या पानावर खलास. म्हणून मी त्याच्या डोक्याला मार लागून त्याला विसर पडला असं वाचलं.

बाबा दुखावले. म्हातारा दाखवला की याला काही आठवत नाही, हे या लेखकांचं नेहमीचंच, असं म्हणाले आणि त्या दिवशी चहा अर्धा ठेवला. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीची स्मृती लख्ख परत आणली आणि त्याचा घसा बसवला. बोलणं बंद, हातवारे सुरू. लिहून का दाखवत नाही म्हणाल, तर यानात कागद नव्हता. चार दिवस ते चाललं. पाचव्या दिवशी बाबा चिडून म्हणाले, “नऊ प्रकरणं झाली, त्याला कुणी गुळण्यांना गरम पाणी देत नाही? अकरा पोरं काय कामाची?” मग मी पोरांकडून त्याला गुळण्या करवल्या. अंतराळात गुळण्या कशा करतात ते मला विचारू नका.

असं करत करत मी एका ओळीवर येऊन आपटले. ओळ साधीच होती, म्हणून मी ती बेसावधपणे जशी छापली होती तशी वाचून टाकली. ‘तळावर पोहोचायला चाळीस दिवस होते आणि टाक्यांत अकरा जणांना चाळीस दिवस पुरेल एवढीच हवा होती.’

“थांब,” बाबा म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजलं. “बारा.”

“काय बारा?”

“अकरा पोरं आणि मिस्त्री. बारा झाले. हवा सवातीन दिवस आधीच संपते.” आणि माझ्याकडे, म्हणजे जिथे मी असेन असं त्यांना वाटत होतं तिकडे, बघत म्हणाले, “आता एकाला मरावं लागणार. आणि तो म्हातारा स्वतःहून पुढे होईल. मी ओळखतो त्याला.”

एवढ्या खटपटीने वाचवलेला माणूस पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला होता! मी घसा खवखवतोय सांगून पुस्तक मिटलं. आमच्या घरात त्या आठवड्यात ज्याचा त्याचा घसाच बसत होता.

दुसऱ्या दिवशी मी काहीच सुचेना म्हणून बाबांनाच विचारलं. सहज म्हणून. तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं? ते दिवसभर खिडकीशी बसून राहिले, बोटाने मांडीवर काहीतरी आखत. संध्याकाळी मी कणीक मळत होते तर भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघराच्या दारात आले.

“पाळी लावायची,” म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितलं. टंचाईच्या वर्षी त्यांनी अख्ख्या भागाला असंच जगवलं होतं. पाणी माणसं पितात त्याहून जास्त गळती पिते. सगळ्या लायनी चालू ठेवल्या की सगळ्या गळतात. म्हणून एका वेळी एकच लाईन सोडायची, बाकी बंद. यानाला कप्पे किती? सहा. बाराही जणांनी एकाच कप्प्यात राहायचं, बाकी पाच कप्प्यांतली हवा पंपाने ओढून टाकीत परत घ्यायची आणि दारं घट्ट लावायची. बंद कप्पा गळत नाही. सवातीन काय, पाच दिवस उरतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते वाचलं. मिस्त्री पोरांना गोळा करतो आणि म्हणतो, “पाळी लावायची.” पुढचं सगळं बाबांचंच, फक्त पाण्याच्या जागी हवा. वाचून झाल्यावर मी वर पाहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. आमची लेक पहिली आली तेव्हाही नाही.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले.

पुन्हा! लिहून कुठे ठेवलं होतं? जमेल तसं पुन्हा रचलं. बाबांनी दोनदा टोकलं, मघाशी असं नव्हतं म्हणून. त्या दिवसापासून मी सकाळीच लेकीच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून पुढचं लिहून ठेवायला लागले. एका शेगडीवर भाजी, कट्ट्यावर वही. दुपारी ती पानं पुस्तकात खुपसून वाचायची. पुस्तक आठवड्याभरात पाव फुगावा तसं फुगलं. खरं सांगू का, मला त्याची चटक लागली. भाजी दोनदा करपली आणि दोन्ही वेळा मी तो दोष शेगडीवर ढकलला.

इकडे बाबांनी ‘पाळी’ गावभर केली. जुन्या पंपवाल्यांना फोन करून सांगितलं. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाई त्यांच्या डोळ्यात उजेड मारत होत्या आणि बाबा त्यांना कप्पे समजावत होते. एवढा मोठा लेखक, पण टंचाईत पाणी कसं सोडतात ते त्याला बरोबर ठाऊक आहे, छापलंय पुस्तकात. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत उभी राहिले. सगळ्यात खालची ओळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती.

आणि मग आला रविवार. ह्यांना वाटलं, बायको दमते, आपण हातभार लावावा. बापाचं ऑपरेशन जितकं लवकर होईल तितकं बरं. मी कपडे वाळत घालत होते आणि आतून ह्यांचा आवाज आला. वाचत होते! ह्यांचं वाचन म्हणजे सरकारी नोटीस. एका सुरात, एका वेगात, स्वल्पविराम ओलांडून.

“मिस्त्रीच्या आठवणीने तिचे डोळे भरून आले.”

“आठवण कशाला?” बाबांचा आवाज. “शेजारीच तर बसलाय तो.”

“नाही बाबा, इथे तर...”

मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून धावले. ह्यांनी पान उलटलं होतं. “इथे तर तो मेल्याचं लिहिलंय.”

“स्वप्न!” मी दारातूनच ओरडले. “तिला स्वप्न पडलंय! दोन पानांनी जागी होते ती!”

ह्यांनी आश्चर्याने पुस्तक खाली केलं आणि त्यातून माझी सगळी पानं भसाभस जमिनीवर आली. माझं अक्षर ह्यांना ओळखू येतं. वीस वर्षं सामानाच्या याद्या वाचतायत. ते वाकले, एक पान उचललं, वाचलं. दुसरं उचललं. बाबा विचारत होते काय पडलं, आणि मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. हा माणूस आयुष्यात एकदाही खोटं बोललेला नाही. वाढदिवसाला साडी आवडली का विचारलं तर नाही म्हणतो.

“काही नाही बाबा,” हे म्हणाले. “पानं सुटी झालीयत. बाइंडिंग कच्चं आहे.”

मग मला स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. म्हाताऱ्या माणसाला फसवतेस, आंधळ्याची थट्टा करतेस. मनात मीच मला हे शंभरदा बोलून झाले होते. हे हातातल्या पानाकडे बघत हळूच म्हणाले, “दार बिघडवलं कुणी मग? त्या स्वयंपाकी पोराने?”

त्या घरात मला समजून घेणारं कुणी उरलं नव्हतं, सगळे नुसते वाचक झाले होते!

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मुदतीला नऊ दिवस उरले तेव्हा मी शेवट लिहायला बसले. लांबवता आलं असतं. बाबांना आणखी तीन ग्रह फिरवता आले असते, त्यांनी हूं की चूं केलं नसतं. पण आदल्या दिवशी ते दाराच्या चौकटीला धडकले होते आणि चौकटीलाच ‘माफ करा’ म्हणाले होते. मी तळ आणला. खुनी पकडला. बाराही जणांना उतरवलं, मिस्त्रीला सगळ्यांत शेवटी, कारण तो आधी सगळे व्हॉल्व्ह बंद करून आला.

“संपलं?” बाबांनी विचारलं.

“संपलं.”

“बरं.” त्यांनी खुर्चीचे हात चाचपले. “सांग त्याला, तारीख घे म्हणावं.”

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना हिरवा झगा घातला होता, डोक्याला टोपी होती, आणि ते एवढेसे दिसत होते. आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं भीती वाटतेय. पण ते म्हणाले, “ते पाळीचं पान. खूण घालून ठेव. पहिलं तेच बघायचंय, स्वतःच्या डोळ्यांनी.”

हे माझ्याकडे बघेनात, मी ह्यांच्याकडे बघेना.

एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा झाला. थेंब, काळा चष्मा, वाकायचं नाही, वाचायचं नाही. ते दिवस मी सोन्यासारखे वापरले, म्हणजे काही न करता घालवले. ह्यांनी सुचवलं की ते एक पान छापून आणून चिकटवून टाकू. मीच नको म्हटलं. पानामागून पान चिकटवत कुठवर जाणार? मी माझी पानं काढून घेतली, पुस्तक कपाटात चादरींच्या तळाशी ठेवलं आणि रोज ठरवत राहिले की उद्या सांगायचं.

नवा चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारातून परतले तर बाबा खिडकीशी बसले होते. मांडीवर दुसरा भाग, बाजूला स्टुलावर पहिला. चादरींची घडी कपाटात जशीच्या तशी होती. चौतीस वर्षं जमिनीखालची गळती शोधलेला माणूस, त्याला कपाट ते काय!

दोन दिवस ते वाचत होते. माझ्याशी एक शब्द नाही. चहा मी नेला तर तसाच राहायचा, ह्यांनी नेला तर संपायचा. मला त्या मेलेल्या मिस्त्रीचं काही नव्हतं, कुठल्या भागात मेला आणि कुठल्यात नाही. मला फक्त ते पाळीचं पान आठवायचं. जुन्या पंपवाल्यांना केलेले फोन आठवायचे. ज्या माणसाचं कौतुक आयुष्यभर कुणी केलं नाही, त्याला मी खोट्या छापाचं कौतुक वाढलं होतं, आणि आता तो ते पानापानांत शोधत बसला होता.

तिसऱ्या दिवशी तीनला हाक आली. “वही आण. पेनही.”

मी स्टुलावर बसले. बाबांनी पहिला भाग उघडून शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला, हे तू कोणत्या दिवशी वाचलंस. मी सांगितलं, तुम्ही सकाळी सोबत्याला पोचवून आला होतात त्या दिवशी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खिडकीबाहेर बरंच काही बघण्यासारखं असावं, कारण ते बराच वेळ तिकडेच बघत होते.

“लिही,” म्हणाले. “लेखकाला पत्र.”

आणि त्यांनी खात्यातल्या अर्जाच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. विषय, आपल्या पुस्तकातील मिस्त्रीच्या विनाकारण मृत्यूबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की सदर मिस्त्री यांस दाराच्या फटीत पाना अडकवून सहज बाहेर पडता आले असते. तसेच हवेच्या तुटवड्याबाबत आपण कोणतीही उपाययोजना केलेली दिसत नाही. मग पाळीची पूर्ण पद्धत, कप्पे एक ते सहा, आकृती सोबत जोडली आहे. आकृती त्यांनी आधीच काढून ठेवली होती, नव्या डोळ्यांनी, पट्टीने, झडपांना बाण दाखवून. तरी पुढील भागात योग्य ती दुरुस्ती व्हावी ही विनंती.

मी लिहीत होते आणि माझं नाक गळत होतं.

“पुढे लिही,” बाबा म्हणाले. “आमच्या घरी सदर मिस्त्री जिवंत असून त्यांची प्रकृती उत्तम आहे. माझ्या सुनेने मला दोन महिने खोटं वाचून दाखवलं. ते आपल्यापेक्षा बरं होतं.”

मी लिहिलं. कळावे, निवृत्त पंपचालक. खाली सहीची जागा सोडली आणि कागद त्यांच्यापुढे धरला. सही कुठे करायची ते बोटाने दाखवायची मला सवय होती, तशी दाखवली. बाबांनी माझं बोट बाजूला सारलं. कागद हातात घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एकेका शब्दावर थांबत, वाचत गेले.

“मी ‘खोटं’ म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तू ‘थोडं वेगळं’ लिहिलंयस.”

मी गुपचूप ते शब्द खोडले आणि ‘खोटं’ लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन जरा जास्तच चांगलं केलंय.